हेज केलं होतं, मग तोटा कसा झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: केबल बनवणाऱ्या कंपनीच्या जोखीम विभागात तुम्ही नुकतेच आला आहात. फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आज पक्का करणारे एक्स्चेंजवरचे करार), ऑप्शन (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा हक्क), स्वॅप (पुढच्या देण्या-घेण्यांची अदलाबदल) यांच्या व्याख्या माहीत आहेत. पण गेल्या तिमाहीत तांब्याच्या हेजवर, म्हणजे भावाच्या चढउतारापासून बचावासाठी घेतलेल्या सौद्यांवर, मोठा तोटा दिसला, संचालक मंडळाने ‘हेज होतं ना, मग तोटा कसा?’ असं विचारलं आणि आता हेजिंग बंदच करा असा सूर लागला आहे. हा विषय नीट समजून घ्यायला सुरुवात कुठून करायची आणि मंडळाला काय उत्तर द्यायचं, हे तुम्हाला हवं आहे.

व्याख्या बाजूला ठेवा. आधी एवढं पक्कं करा की हेज केल्याने जोखीम नाहीशी होत नाही, तिची अदलाबदल होते. भावाची जोखीम तुम्ही बाजाराला देता आणि त्या बदल्यात दुसरं काहीतरी पदरात घेता: कधी बेसिसची (आपला माल आणि हेजचा करार यांच्या भावांतल्या फरकाची) जोखीम, कधी रोख रकमेची, कधी समोरच्या पार्टीची, तर कधी माल ठरल्याएवढा न लागण्याची. बहुतेक वेळा ही अदलाबदल परवडणारीच असते. पण बदल्यात काय घेतलं हे माहीत नसेल तर गडबड होते. डेरिव्हेटिव्हच्या (फ्युचर्स, ऑप्शन, स्वॅप हे सगळे त्यातच आले) इतिहासातली काही गाजलेली प्रकरणं तपासली तर अंदाज चुकल्यापेक्षा, बदल्यात घेतलेली जोखीम कोणी मोजलीच नव्हती असं दिसतं. त्यातली काही पुढे येतीलच.

आधी तुमच्या तांब्याकडे येतो.

हेजचा कागद उघडण्यापूर्वी विक्रीचे आणि खरेदीचे करार उघडा आणि भाव ठरवण्याचं कलम वाचा. केबलच्या धंद्यात सहसा तांब्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी धरतात. समजा, ग्राहकाला तांब्याचा भाव ऑर्डर दिली त्या महिन्याच्या सरासरीने लावला जातो आणि तुमचा पुरवठादार माल पोचेल त्या महिन्याच्या सरासरीने बिल करतो. ऑर्डर मार्चमध्ये आली आणि तांबं मे महिन्यात आलं, तर तुम्ही मार्चच्या भावाने विकलंय आणि मेच्या भावाने घेणार आहात. तुमची जोखीम ‘तांब्याचा भाव’ ही नव्हेच. मार्चची सरासरी आणि मेची सरासरी यांतला फरक, एवढीच ती आहे. आता याच कंपनीचा दुसरा एखादा ग्राहक असा असेल की ज्याला भावही मेच्या सरासरीनेच लागतो. त्या ऑर्डरवर भावाची जोखीम शून्य आहे. तिच्यावर कोणी ‘खबरदारी म्हणून’ फ्युचर्स घेतले असतील तर त्याने जोखीम कमी केलेली नाही, नव्याने तयार केली आहे. असले ‘हेज’ कंपन्यांमध्ये सापडतात, कारण ट्रेझरीला फक्त खरेदीचा तक्ता मिळतो आणि विक्रीचं कलम मार्केटिंगवाल्यांच्या कपाटात असतं.

पहिल्या ग्राहकाची ऑर्डर ५०० टनांची धरू. लंडन मेटल एक्स्चेंजवर तांब्याचा लॉट २५ टनांचा असतो, म्हणजे २० लॉट. महिन्यात व्यवहाराचे दिवसही साधारण तेवढेच असतात. त्यामुळे योग्य हेज फारच कंटाळवाणा आहे: मार्चमध्ये रोज एक लॉट घ्यायचा, मेमध्ये रोज एक विकायचा. सरासरीची जोखीम आहे, तर हेजही सरासरीनेच. ‘आज भाव पडलाय, वीसच्या वीस आजच घेऊन टाकू’ असं कोणी म्हणालं की समजा, तिथे हेजिंग संपलं आणि मार्चच्या सरासरीविरुद्ध पैज सुरू झाली. ती जिंकलीच तर डीलरला शाबासकी मिळते, आणि पुढच्या वेळी पैज मोठी होते.

मार्चची सरासरी टनाला ९,००० डॉलर होती आणि मेची ८,२०० झाली असं माना. फ्युचर्सवर टनामागे ८०० डॉलर गेले, ५०० टनांवर ४ लाख डॉलरचा तोटा. पण ग्राहकाकडून तुम्ही ९,००० च्या हिशेबाने घेतले आणि पुरवठादाराला ८,२०० च्या हिशेबाने दिले. तिथे तेवढेच ४ लाख सुटले. घडणावळीचा नफा जसाच्या तसा राहिला. हेजने आपलं काम चोख केलं.

मग मंडळाला तोटा का दिसला? कारण हे ४ लाख ‘डेरिव्हेटिव्हवरील तोटा’ म्हणून वेगळ्या ओळीत, ठळकपणे आले. आणि सुटलेले ४ लाख कच्च्या मालाच्या खर्चात विरून गेले, नाव-गाव न लागता. तुमच्या कंपनीत नेमकं हेच झालंय का, हे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण पहिली तपासणी हीच करा. तिमाहीतली प्रत्येक हेज कुठल्या ऑर्डरला बांधलेली होती ते शोधा आणि दोन्ही बाजू एका ओळीत लिहा. ज्या हेजला ऑर्डरच सापडत नाही, तो तुमचा खरा प्रश्न आहे.

वरच्या उदाहरणात मी एक गोष्ट सोपी करून सांगितली. मार्चमध्ये मेच्या डिलिव्हरीचा भाव रोखीच्या भावाएवढाच असेल असं नाही. तो ६० डॉलरने वर असेल, म्हणजे बाजार कॉन्टँगोत असेल, तर तुम्ही सरासरी ९,०६० ने घ्याल आणि मेमध्ये रोखीच्या आसपास विकाल. दोन्ही बाजूंची वजाबाकी शून्य न येता ३० हजार डॉलरचा खर्च उरेल. हा हेजचा खरा खर्च. बाजार उलटा, बॅकवर्डेशनमध्ये असेल तर खरेदीदाराला हाच फरक मिळतो. मंडळासमोर ४ लाखांवर चर्चा करायचं कारण नाही. या ३० हजारांवर मात्र जरूर व्हावी.

इथेच एक फार पसरलेला गैरसमज सांगतो. पुढच्या महिन्यांचे भाव म्हणजे बाजाराचं भाकीत आहे असं लोक धरून चालतात. चलनाच्या बाबतीत तर फॉरवर्ड दर (पुढच्या तारखेच्या सौद्यासाठी आज ठरणारा दर) हा जवळपास निव्वळ अंकगणित असतो: आजचा दर आणि दोन चलनांच्या व्याजदरातला फरक. ज्या चलनाचं व्याज जास्त, ते फॉरवर्डमध्ये स्वस्त. त्यात ‘ते चलन घसरणार आहे असं बाजाराला वाटतं’ असं काही वाचायची गरज नाही. साठवता येणाऱ्या मालात व्याज, गोदामभाडं, विमा हे सगळं धरून भाव वर जातो, आणि माल हाताशी असण्याची निकड असली की खाली येतो. जो कोणी ‘फॉरवर्ड महाग आहे, म्हणून थांबू’ असं म्हणतो त्याला एवढंच विचारायचं की व्याजाचा फरक वगळून तो किती महाग आहे. बहुतेकदा उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं.

आता बदल्यात घेतलेल्या जोखमींकडे. पहिली बेसिसची: ज्या मालाची तुम्हाला धास्ती आहे आणि ज्या करारावर तुम्ही हेज करताय, त्यांचे भाव तंतोतंत एकत्र हलत नाहीत. विमान कंपनीला विमानाचं इंधन लागतं, पण हेज कच्च्या तेलावर घ्यावी लागते. यात सहसंबंधाचा आकडा सांगून काम भागवलं जातं. ‘०.८ आहे, उत्तम आहे.’ जरा हिशेब करून बघा. सर्वांत योग्य प्रमाणात हेज केली तरी सहसंबंध ०.८ असताना चढउताराचं प्रमाणित विचलन ६० टक्के शिल्लक राहतं, कारण १ मधून ०.६४ वजा केले की ०.३६ उरतात आणि त्याचं वर्गमूळ ०.६. म्हणजे जोखीम कमी झाली फक्त ४० टक्के. सहसंबंध ०.९ असेल तरी ४४ टक्क्यांच्या आसपास उरते, ०.९५ ला कुठे ती ३१ टक्क्यांवर येते. हा एक तक्ता मंडळाला दाखवलात तर ‘हेज होतं तरी असं कसं’ हा प्रश्न निम्म्याने कमी होईल.

शिवाय सहसंबंध काढताना रोजचे बदल घेतले की महिन्याचे, यावर उत्तर बदलतं. तुमची जोखीम दोन महिन्यांची असेल तर रोजच्या आकड्यांवरचं गुणोत्तर फारसं कामाचं नाही. भावांच्या पातळ्यांवर सहसंबंध काढलेला असेल तर तो कागद सरळ परत करा. दोन भाव एकाच दिशेने वाढत असले की तो आकडा नेहमीच देखणा येतो.

बेसिस कुठपर्यंत ताणला जाऊ शकतो याचं टोकाचं उदाहरण २० एप्रिल २०२० चं. अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा करार दुसऱ्या दिवशी संपणार होता. माल ओक्लाहोमातल्या कुशिंगमध्ये उचलावा लागतो आणि तिथल्या टाक्यांत मोकळी जागा जवळजवळ उरली नव्हती. करार उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. त्याच दिवशी जूनचा करार मात्र २० डॉलरच्या वर होता. जगात तेलाला किंमत होती. कुशिंगमध्ये, त्या दिवशी, घेऊन जायला जागा नसलेल्याच्या हातातल्या तेलाला नव्हती. म्हणून करार निवडताना भावाचा आलेख नंतर बघा. डिलिव्हरी कुठे, कशाची, कोणत्या प्रतीची, एक्स्पायरी कधी आणि रोलओव्हर (संपत आलेला करार पुढच्या महिन्यावर नेणं) किती दिवस आधी करणार, हे आधी.

दुसरी जोखीम रोख रकमेची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित. हेजचा तोटा आज रोखीने द्यावा लागतो. ज्याला हेज केलं त्या मालावरचा फायदा महिन्यांनी, कधी वर्षांनी हातात येतो. नफ्या-तोट्याच्या कागदावर दोन्ही जुळतात, बँकेच्या खात्यात जुळत नाहीत.

याचं पाठ्यपुस्तकी प्रकरण म्हणजे मेटालगेझेलशाफ्ट. या जर्मन समूहाच्या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहकांना पाच-दहा वर्षं ठरलेल्या भावाने इंधन देण्याचे करार केले. एकूण सुमारे १६ कोटी बॅरल. भाव वाढले तर मार बसणार, म्हणून फ्युचर्स घेतले. पण दहा वर्षांपुढचे फ्युचर्स पुरेशा प्रमाणात मिळत नाहीत. म्हणून सगळा डोलारा जवळच्या महिन्यांच्या करारांवर उभा केला आणि दर महिन्याला पुढे ढकलत राहिले. १९९३ च्या उत्तरार्धात तेल घसरलं. फ्युचर्सवर तोटा झाला, मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी भरायची हमीची रोख रक्कम, लगेच भरावं लागलं. ग्राहकांच्या करारांवर तेवढाच फायदा तयार होत होता, पण तो येणार होता पुढच्या दशकभरात. त्यात बाजार बॅकवर्डेशनमधून कॉन्टँगोत गेला, त्यामुळे आधी दर रोलओव्हरला मिळत होतं, ते आता द्यावं लागू लागलं. अखेर पोझिशन (उघडे सौदे) कापल्या गेल्या, तोटा १.३ अब्ज डॉलरच्या घरात गेला आणि बँकांना १.९ अब्ज डॉलरची मदत उभी करावी लागली.

गंमत म्हणजे हे हेज मुळात बरोबर होतं की चूक, यावर अर्थतज्ज्ञांत जोरदार वाद झाला. नोबेलविजेते मर्टन मिलर आणि क्रिस्टोफर कल्प यांचं म्हणणं होतं की योजना ठीक होती, घाबरून मध्येच मोडली म्हणून नुकसान पक्कं झालं. इतरांनी दाखवलं की महिन्याच्या करारांनी दहा वर्षांची बांधिलकी झाकणंच धोक्याचं होतं. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण जोखीम व्यवस्थापकाच्या दृष्टीने वाद थोडा गौण आहे. मार्जिन भरता न आल्यामुळे मोडावं लागेल असं हेज कागदावर कितीही बरोबर असलं तरी उपयोगाचं नाही.

जवळपास तीस वर्षांनी ब्रिटनच्या पेन्शन फंडांनी हाच धडा नव्याने गिरवला. त्यांची देणी दीर्घ मुदतीची, म्हणजे व्याजदर घसरले की फुगणारी. म्हणून त्यांनी स्वॅप आणि कर्ज काढून घेतलेले सरकारी रोखे यांनी हेज केलं होतं. २३ सप्टेंबर २०२२ ला सरकारने मोठ्या करकपातीची घोषणा केली आणि रोख्यांवरचे व्याजदर काही दिवसांत इतके उसळले की तारण म्हणून रोख भरण्याच्या मागण्यांचा ढीग लागला. दर वाढल्याने या फंडांची देणी कमी झाली होती. ताळेबंदावर अनेकांची स्थिती उलट सुधारलेली होती. पण मागणी आज रोख भरण्याची होती. रोख नाही म्हणून रोखे विकायचे, विकले की दर आणखी वर, दर वर गेले की आणखी मागणी. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीसाठी उतरावं लागलं.

तुमच्यासाठी याचा व्यवहारातला अर्थ असा. वर्षभरात ६,००० टनांचं हेज उघडं असेल आणि भाव ९,००० वरून दहा टक्के खाली आला, तर ५४ लाख डॉलर रोख लागतील, तेही एक-दोन दिवसांत. तीस टक्के आला तर त्याच्या तिप्पट. त्यावर ब्रोकर सुरुवातीचं मार्जिनही वाढवेल, कारण चढउतार वाढले की तेही वाढतं. आता कंपनीच्या न वापरलेल्या कर्जमर्यादेचा आकडा शेजारी ठेवा. मर्यादा पुरत नसेल तर हेजचं प्रमाण कमी करा, किंवा काही भाग बँकेशी थेट करारात न्या जिथे ठरावीक रकमेपर्यंत तारण मागितलं जात नाही. तारणाची सूट बँक फुकट देत नाही, दरात वसूल करते. शिवाय तुमचं पतमानांकन घसरलं की ती सूटही जाऊ शकते. सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी या विमा कंपनीचं नेमकं असंच झालं: मानांकन उतरलं, तारणाच्या मागण्या वाढल्या आणि अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज द्यावं लागलं.

त्याच संकटानंतर जी-२० देशांनी २००९ मध्ये ठरवलं की प्रमाणित ओटीसी करार (एक्स्चेंजबाहेर दोन पार्टींनी थेट केलेले) शक्यतो क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत, म्हणजे दोन्ही बाजूंना हमी देणाऱ्या मधल्या संस्थेमार्फत, व्हावेत. समोरची पार्टी बुडण्याची धास्ती त्याने बरीच कमी झाली, यात शंका नाही. पण रोजचं मार्जिन आलं. म्हणजे इथेही अदलाबदलच: पतजोखीम गेली, रोखीची जोखीम आली.

बेसिस आणि रोख दोन्ही एकदम अंगावर आल्या की काय होतं, ते मार्च २०२२ मध्ये निकेलच्या बाजारात दिसलं. त्सिंगशान हा चीनमधला निकेल आणि स्टेनलेस स्टीलचा बलाढ्य उत्पादक. त्याची लंडनमध्ये विक्रीच्या बाजूला मोठी पोझिशन होती. उत्पादकाने विक्रीचं हेज करणं स्वाभाविक आहे. पण तो मुख्यतः बनवत होता ते निकेल एक्स्चेंजवर डिलिव्हरीला चालणाऱ्या प्रतीचं नव्हतं. युक्रेन युद्धानंतर भाव वर निघाले, मार्जिनच्या मागण्या सुरू झाल्या, आणि घरचा माल देऊन सौदा मिटवण्याची सोय नाही. ८ मार्चला भाव टनाला १ लाख डॉलरच्या पार गेला. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे सौदेच रद्द केले. ज्यांनी त्या दिवशी प्रामाणिकपणे हेज विकून फायदा पक्का केला होता, त्यांच्या हातात काय उरलं, याचाही विचार करा. एक्स्चेंज सौदे रद्द करू शकतो, ही शक्यता कोणत्याही मॉडेलमध्ये नव्हती.

आता ऑप्शन. फॉरवर्ड म्हणजे विमा असं सर्रास म्हटलं जातं. ते चुकीचं आहे. फॉरवर्डमध्ये वाईट भावापासून सुटका मिळते तसा चांगल्या भावाचा फायदाही सोडावा लागतो. विम्यासारखा असतो तो विकत घेतलेला ऑप्शन: प्रीमियम भरा, वाईट झालं तर भरपाई, चांगलं झालं तर प्रीमियम गेला. ज्या ऑर्डरची खात्री नाही, म्हणजे टेंडर भरलंय पण मिळेल की नाही माहीत नाही, तिथे फॉरवर्ड घेणं धोक्याचं, ऑप्शनच योग्य. टेंडर हुकलं आणि भावही पडला तर फॉरवर्डने तुम्हाला मालाशिवाय नुसता तोटा मिळेल.

अडचण प्रीमियमची असते. मंडळाला तो ‘वाया गेलेला’ वाटतो, म्हणून बँका ‘झिरो कॉस्ट’ रचना घेऊन येतात. तुम्ही एक ऑप्शन घेता, त्याचा प्रीमियम फेडण्यासाठी दुसरा विकता. साधा कॉलर असेल, दोन्ही बाजूंचं प्रमाण तुमच्या खऱ्या मालाएवढंच असेल, तर काही हरकत नाही; मी स्वतः तो सुचवतो. पण विकलेल्या बाजूचं प्रमाण दुप्पट असेल, किंवा ठरावीक भावाला संरक्षण गळून पडत असेल, तर त्या कागदावर सही करू नका. दक्षिण कोरियाच्या निर्यातदारांनी २००८ च्या आधी ‘किको’ नावाचे करार केले. तिथलं चलन वॉन मजबूत होत असताना ते छान वाटले. वॉन कोसळला तेव्हा वरची मर्यादा ओलांडली गेली आणि करारातल्या रकमेच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक डॉलर जुन्या, स्वस्त दराने विकण्याचं बंधन जागं झालं. कंपन्यांकडे निर्यातीतून तेवढे डॉलर येतच नव्हते. वॉन घसरल्यावर निर्यातदाराची चांदी व्हायला हवी होती. अनेक लहान-मध्यम कंपन्या त्यातच आडव्या झाल्या.

असंच आफ्रिकेतल्या अशांती गोल्डफिल्ड्सचं. घानाची ही सोन्याची खाण कंपनी. २६ सप्टेंबर १९९९ ला युरोपातल्या पंधरा मध्यवर्ती बँकांनी सोन्याच्या विक्रीवर मर्यादा जाहीर केली आणि सोन्याचा भाव काही दिवसांत २७० डॉलरच्या आसपासहून ३२० च्या वर गेला. सोनं काढणारी कंपनी सोनं महागल्यामुळे दिवाळखोरीच्या दारात पोचली, कारण हेजबुकात विकलेले ऑप्शन होते आणि मार्जिनच्या मागण्या भागवायला रोख नव्हती. बँकेचा डीलर नवी रचना घेऊन आला की एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: भाव माझ्या धंद्याच्या *फायद्याच्या* दिशेने तीस टक्के गेला, तर मला किती रक्कम, किती दिवसांत, कोणाला द्यावी लागेल? उलट्या दिशेचं उत्तर तो न विचारता देतोच.

व्हीएआर (व्हॅल्यू ॲट रिस्क, तोट्याचा अंदाज देणारा आकडा) याबद्दल थोडक्यात. एका दिवसाचा ९९ टक्क्यांचा व्हीएआर १० लाख आहे, म्हणजे साधारण शंभरातल्या एका दिवशी तोटा त्याहून जास्त होईल. किती जास्त, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. म्हणून बँकांच्या बाजारजोखमीच्या नव्या बासेल नियमांत त्याऐवजी एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल आलं, जे त्या वाईट दिवसांची सरासरी काढतं. उत्पादन कंपनीला मात्र मी दोन्हींपेक्षा सरळ प्रसंग घेऊन केलेली ताणचाचणी पसंत करतो. २००८, २०२०, २०२२ यांतली हालचाल आपल्या आजच्या पोझिशनवर लावून बघायची. आणि आकडा कुठल्या एक्सेलमधून येतो ते स्वतः उघडून बघायचं. २०१२ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या लंडन कार्यालयातल्या ‘हेज’ म्हणवणाऱ्या पोर्टफोलिओने ६ अब्ज डॉलरहून अधिक घालवले. त्यांच्या नव्या व्हीएआर मॉडेलच्या शीटमध्ये एके ठिकाणी सरासरीने भागायचं सोडून बेरजेने भागलं होतं आणि त्यामुळे चढउतार कमी दिसत होते, असं बँकेच्याच चौकशीत निघालं.

लेखानोंदीवर फार वेळ घालवत नाही, पण एवढं बघाच: तुमच्या कंपनीने हेज अकाउंटिंग (हेज आणि माल यांचा नफा-तोटा एकाच काळात दाखवणारी नोंद) लावलंय का? जुन्या आयएएस ३९ या आंतरराष्ट्रीय लेखामानकात परिणामकारकता ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात असावी लागे. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस ९ ने तो पट्टा काढून आर्थिक नातं दाखवण्याची अट ठेवली. पण कागदपत्रं हेज सुरू करतानाच तयार हवीत, मागाहून चालत नाहीत. ती नसतील तर उघड्या हेजवरचा तोटा या तिमाहीत आणि मालावरचा फायदा पुढच्या तिमाहीत दिसेल. तुमच्या मंडळाचा अर्धा राग यातूनच आला असण्याची शक्यता आहे.

आता मंडळाला काय सांगायचं. एक पान पुरे. डावीकडे ऑर्डर, टन, विक्रीचा भाव, खरेदीचा भाव. उजवीकडे त्याच ऑर्डरचा हेज. शेवटी दोन्हींची बेरीज आणि शेजारी ‘हेज नसतं तर’ असा रकाना. त्याखाली न जुळलेली पोझिशन, तीस टक्क्यांच्या हालचालीला लागणारी रोख आणि हातात असलेली मर्यादा. ‘हेजवर नफा की तोटा’ ही ओळ या पानावर एकटी येऊ देऊ नका. ती एकटी नफ्यात दिसली तरी देऊ नका; हेजवर मोठा नफा झाला म्हणून खूष झालेलं मंडळ पुढच्या वर्षी डीलरकडून तोच नफा मागतं. आणि सौदा करणारा माणूस व सौद्याची खातरजमा करणारा माणूस वेगळे आहेत ना, ते या निमित्ताने बघून घ्या. १९९५ मध्ये बेअरिंग्ज बँक बुडाली ती निक लीसनकडे सिंगापूरमध्ये दोन्ही कामं होती म्हणून. डेरिव्हेटिव्हचं गणित अवघड होतं म्हणून नव्हे.

हेजिंग बंद करायचं का? करायचं असेल तर तो धोरणाचा निर्णय असू द्या. ज्या ऑर्डरी आधीच ठरलेल्या भावाने घेतल्या आहेत त्यांचे हेज मधेच मोडू नका. आज मोडले तर तोटा पक्का होईल, आणि उद्या भाव वर गेला तर मालावरही मार बसेल. ते संपेपर्यंत चालू द्या, नव्या ऑर्डरींना नवं धोरण लावा. हेज काढणं हीसुद्धा एक पोझिशनच असते. सिलिकॉन व्हॅली बँकेने २०२२ मध्ये, व्याजदर चढत असताना, आपले बहुतेक व्याजदर-हेज काढून टाकले होते. मार्च २०२३ मध्ये ती बुडाली तेव्हा दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरचा तोटा झाकायला काही उरलं नव्हतं.

आणखी एक मार्ग आहे, तो बहुधा कोणी सुचवणार नाही कारण त्यात ट्रेझरीचं कामच कमी होतं. ग्राहकाच्या आणि पुरवठादाराच्या करारांतली भावाची कलमं एकाच महिन्याला आणता येतात का, हे विक्री आणि खरेदी विभागांना एकत्र बसवून विचारा. काही ग्राहक तयार होतील, काही टनामागे थोडी सूट मागतील. ती सूट, कॉन्टँगोतला रोलओव्हरचा खर्च आणि मार्जिनसाठी अडकलेल्या पैशाचं व्याज, या तीन आकड्यांची तुलना केलीत की कुठल्या ऑर्डरीला फ्युचर्स लावायचे आणि कुठली करारातच मिटवायची, हे आपोआप वेगळं होईल. गेल्या वर्षभराच्या ऑर्डरी घेऊन हा हिशेब मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या आधी करा.